सपाट पडद्यावरची खोली



२५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने संगणकीय खेळ तयार करणाऱ्या आपल्या तीन संस्था बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी एकीचे नाव मोनोलिथ प्रॉडक्शन्स. वॉशिंग्टन राज्यातील कर्कलँड या गावी १९९४ साली तिची स्थापना झाली होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. पण आज चाळिशी ओलांडलेल्या, आणि महाविद्यालयात असताना संगणकापुढे बसण्याची संधी मिळालेल्या अनेकांना त्या बातमीने क्षणभर हुरहूर लावली. मीही त्यांच्यातलाच एक. मी पदार्थविज्ञान शिकवतो, आणि त्या विषयातील एक धडा मला पुस्तकाआधी या खेळांनी शिकवला. तो धडा आज तुम्हाला सांगायचा आहे.

१९९८ साल. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक संगणक वर्ग होता. तेथे ४८६ जातीचे चार संगणक आणि एक नवा पेंटियम होता. पेंटियमला हात लावायला मनाई असे. रविवारी दुपारी मात्र वर्ग चालवणारे गृहस्थ जेवायला घरी जात आणि किल्ली आमच्याकडे ठेवून जात. त्या दोन तासांत, वीज गेली नाही तर, आम्ही तिघे मित्र आळीपाळीने पडद्यापुढे बसत असू. एका संगणकविषयक मासिकासोबत मिळालेल्या सीडीवर मोनोलिथच्या ‘ब्लड’ या १९९७ सालच्या खेळाचा नमुना होता. ४८६ यंत्रांवर १९९३ सालचा ‘डूम’ होता. दोन्ही नेमबाजीचे खेळ. खेळणाऱ्याला आपले शरीर दिसत नाही, दिसतो तो फक्त पुढे धरलेला हात आणि समोरची वाट. बाणाची कळ दाबली की भिंती जवळ येतात, दार उघडते, पलीकडे अंधारी खोली दिसते.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे खेळ रक्तपाताने भरलेले आहेत आणि शाळकरी मुलांसाठी ते नाहीत. ते खेळा असे मी तुम्हाला सांगत नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या पोटातल्या भूमितीविषयी. ती मात्र नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरची नाही.

आम्हा तिघांपैकी दोघे खेळात रमत. मला एकच प्रश्न छळत असे. समोरची काच सपाट आहे. मग ही खोली तिच्यात शिरली कोठून?

यंत्राची कुवत किती?

प्रश्नाला हात घालण्याआधी थोडा हिशेब करू. त्या काळी अशा खेळांचे चित्र आडवे ३२० आणि उभे २०० अशा बिंदूंचे बनलेले असे. म्हणजे एका चित्रात ३२० × २०० = ६४,००० बिंदू. चित्र हलते वाटावे म्हणून सेकंदाला निदान २० चित्रे काढायला हवीत. म्हणजे सेकंदाला १२,८०,००० बिंदू रंगवायचे.

आता संगणकाकडे पाहू. ३३ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर घेतला तर त्याच्या अंतर्गत घड्याळाचे सेकंदाला ३,३०,००,००० ठोके पडतात. या संख्येला १२,८०,००० ने भागा. उत्तर येते साधारण २५. म्हणजे प्रत्येक बिंदूच्या वाट्याला फक्त २५ ठोके. त्यातच आवाज काढायचा, शत्रू हलवायचे, कळफलकावर बोट कोठे पडले ते पाहायचे.

हे २५ ठोके पुरेसे आहेत का? दोन पूर्णांकांचा एक गुणाकार करायला या प्रोसेसरला १३ किंवा त्याहून अधिक ठोके लागत. एखाद्या कोनाची साइन काढायला सुमारे २०० ठोके, तेही प्रोसेसरमध्ये दशांश गणिताचा वेगळा विभाग असेल तर. स्वस्त यंत्रांमध्ये तो विभागच नसे. थोडक्यात, प्रत्येक बिंदूसाठी ‘येथे कोणती भिंत दिसते?’ असा प्रश्न विचारून त्रिकोणमिती करत बसणे अशक्य होते. घरात महिन्याचे पैसे मोजके असले की गृहिणी जशी एकेक खर्च तपासते, तसाच हा प्रश्न होता. ज्यांनी तो सोडवला त्यांनी यंत्र मोठे केले नाही. त्यांनी प्रश्न लहान केला.

पहिली युक्ती : नकाशावरून चित्र

१९९२ साली इड सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ हा खेळ आला. त्यात सर्व भिंती सारख्याच उंचीच्या आणि एकमेकींना काटकोनात होत्या. जमीन सपाट, छतही सपाट. अशा जगाचे वर्णन करायला त्रिमिती लागतच नाही. चौकटीच्या वहीवर काही चौकोन काळे करा. काळा चौकोन म्हणजे भिंत, पांढरा म्हणजे मोकळी जागा. झाला नकाशा.

आता या नकाशावर पाहणारा एका ठिकाणी उभा आहे असे समजा. त्याच्या डोळ्यापासून समोर पंख्याच्या पात्यांप्रमाणे पसरणाऱ्या रेषा काढा. प्रत्येक रेषा कोठल्या तरी काळ्या चौकोनाला जाऊन भिडेल. ती किती अंतरावर भिडली ते मोजा. भिंती उभ्या आणि सारख्या उंचीच्या असल्यामुळे पडद्यावरील एका उभ्या पट्टीसाठी एवढे एकच अंतर पुरते. म्हणजे ६४,००० प्रश्नांऐवजी फक्त ३२० प्रश्न! या पद्धतीला किरणक्षेपण म्हणता येईल. निसर्गात किरण वस्तूकडून डोळ्याकडे येतो. येथे आपण हिशेबाच्या सोयीसाठी डोळ्याकडून वस्तूकडे गेलो. प्रकाशाचा मार्ग उलटवला तरी तोच राहतो, हे तुम्ही प्रकाशाच्या प्रकरणात शिकला आहात.

अंतर कळले की भिंतीची पडद्यावरील उंची कशी काढायची? येथे समरूप त्रिकोण कामाला येतात. पडदा म्हणजे खिडकीची काच समजा. डोळ्यापासून काच d अंतरावर आहे, काचेपलीकडची भिंत D अंतरावर आहे. भिंतीची उंची H आणि काचेवर उमटणाऱ्या चित्राची उंची h. डोळ्यापासून भिंतीच्या माथ्याकडे आणि तळाकडे रेषा काढल्या तर एक लहान आणि एक मोठा असे दोन समरूप त्रिकोण मिळतात. संगत बाजू प्रमाणात असतात, म्हणून

h = H × d ÷ D

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. पाहणाऱ्याला एकूण ६०° इतका भाग दिसतो असे समजा. म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३०°. पडद्याची अर्धी रुंदी १६० बिंदू. म्हणून d = १६० ÷ टॅन ३०° = १६० ÷ ०.५७७, म्हणजे सुमारे २७७. भिंतीची उंची ६४ एकक धरू. भिंत २७७ एकक दूर असेल तर ती पडद्यावर ६४ बिंदू उंच दिसेल. दुप्पट दूर, म्हणजे ५५४ वर असेल तर ३२ बिंदू. निम्म्या अंतरावर असेल तर १२८ बिंदू. दूरची वस्तू लहान दिसते हे आपल्याला ठाऊकच असते. किती लहान, ते या एका भागाकाराने सांगितले.

खर्च किती झाला? एका चित्रासाठी ३२० भागाकार, सेकंदाला २० चित्रांसाठी ६,४००. एका भागाकाराला ४० ठोके धरले तरी २,५६,००० ठोके. आपल्याजवळच्या ३ कोटी ३० लाखांपैकी एक टक्काही नाही.

माझी वाकडी भिंत

एवढे समजल्यावर मला वाटले, आता आपणही हे करून पाहावे. वर्गात आम्ही सी ही भाषा शिकत होतो. तीन रविवार मी मित्रांना खेळू दिले नाही आणि एक छोटी आज्ञावली लिहिली. नकाशा आठ बाय आठ चौकोनांचा. समोर एकच सरळ भिंत. चौथ्या रविवारी ती पडद्यावर उमटली, आणि मित्र हसू लागले. भिंत मध्यभागी फुगलेली आणि दोन्ही कडांना निमुळती झाली होती. सरळ भिंतीचे जणू पोट सुटले होते.

सूत्र दहा वेळा तपासले. चूक सापडेना. शेवटी कागदावर आकृती काढून मी आमच्या प्रकाशशास्त्राच्या सरांकडे गेलो. ते संगणकापुढे कधी बसले नव्हते. त्यांनी आकृती पाहिली आणि खडू उचलला.

“अरे, तुझी भिंत सरळच आहे. तुझं अंतर तिरकं आहे.”

त्यांनी फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढला. पाहणाऱ्यापासून भिंतीपर्यंतचे लंबांतर ही एक बाजू. कडेच्या किरणाची लांबी हा कर्ण. मी सूत्रात D म्हणून कर्ण घातला होता. समरूप त्रिकोणांना हवे होते लंबांतर.

भिंत २७७ एकक दूर आहे. मधला किरण २७७ एकक लांब आहे. पण ३०° चा कडेचा किरण २७७ ÷ कोसाइन ३०° म्हणजे सुमारे ३२० एकक लांब आहे. त्यामुळे माझ्या आज्ञावलीने मध्यभागी ६४ बिंदूंची आणि कडेला ६४ × २७७ ÷ ३२०, म्हणजे साधारण ५५ बिंदूंची भिंत काढली. म्हणून ती फुगली. उपाय एका ओळीचा. किरणाच्या लांबीला त्याच्या मध्यरेषेशी असलेल्या कोनाच्या कोसाइनने गुणायचे. ३२० × ०.८६६ = २७७. पुढच्या रविवारी भिंत सरळ झाली.

कर्णाला कोसाइनने गुणले की लगतची बाजू मिळते, हे मी दहावीत पाठ केले होते आणि त्यावर गुणही मिळवले होते. पण ते कशासाठी असते ते मला त्या दिवशी कळले.

बेरजेवर भागवणे

आता किरण भिंतीला कोठे भिडतो ते शोधायचे. किरणावर मुंगीच्या पावलाने पुढे सरकत, प्रत्येक पावलाला ‘भिंत आली का?’ असे विचारता येईल. पण पावले फार होतील. त्यापेक्षा सोपे असे : भिंत फक्त चौकोनाच्या कडेवरच भेटू शकते. मग फक्त कडाच तपासू.

चौकोनाची बाजू ६४ एकक आणि किरणाचा कोन ३०° आहे असे समजा. एका उभ्या रेषेपासून पुढच्या उभ्या रेषेपर्यंत जाताना किरण ६४ एकक पुढे आणि ६४ × टॅन ३०° म्हणजे सुमारे ३७ एकक वर जातो. त्यापुढच्या रेषेला आणखी ३७. म्हणजे ३७, ७४, १११, १४८ अशी अंकगणिती श्रेढी. गुणाकार एकदाच केला, पुढे नुसती बेरीज. आडव्या रेषांसाठी अशीच दुसरी श्रेढी. दोहोंपैकी जी आधी भिंतीला भिडेल ती खरी.

चौकोनाची बाजू ५० किंवा १०० न घेता ६४ का घेतली? आपण दशमान पद्धतीत लिहितो, म्हणून १४८ ला १०० ने भागून पूर्णांक काढायचा तर शेवटचे दोन अंक झाकले की झाले. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो, आणि ६४ म्हणजे २ चा सहावा घात. त्यामुळे ६४ ने भागायचे तर शेवटचे सहा द्विमान अंक झाकले की पुरते. भागाकार करावाच लागत नाही.

कोनांचेही तसेच. संगणकाला ३६० या संख्येचे काही कौतुक नाही. मोनोलिथच्या ‘ब्लड’साठी जी मूळ चित्रणयंत्रणा वापरली होती तिच्यात वर्तुळाचे ३६० नव्हे, तर २०४८ भाग केले होते. २०४८ म्हणजे २ चा अकरावा घात. खेळाडू गरगर फिरला तरी कोनाचे शेवटचे ११ अंक ठेवायचे, पुढचे टाकून द्यायचे. पूर्ण फेरी आपोआप शून्यावर येते.

साइन आणि कोसाइन यांचे काय? त्यासाठी खेळ सुरू होण्याआधीच सर्व किमतींचे कोष्टक तयार ठेवत. तुमच्या आजोबांनी परीक्षेत लॉगरिदमची कोष्टके वापरली असतील. त्यातलाच हा प्रकार. जे उत्तर पुन्हा पुन्हा लागणार ते एकदा काढून ठेवा आणि नंतर नुसते बघा.

राहिला दशांश अपूर्णांक. ०.८६६ ही संख्या पूर्णांकांच्या यंत्राला कशी सांगायची? आपण वाण्याकडे करतो तसे. १२ रुपये ७५ पैसे म्हणण्याऐवजी १२७५ पैसे म्हटले की दशांश चिन्ह नाहीसे होते. या खेळांनी रुपयाचे १०० नव्हे तर ६५,५३६ पैसे केले, म्हणजे २ चा सोळावा घात. मग ०.८६६०२५४ झाले ५६,७५६ पैसे. सगळा हिशेब पैशांत करायचा आणि अगदी शेवटी रुपयात आणायचा. भिंतीवरची विटांची नक्षी ताणून किंवा आवळून रंगवतानाही अशीच ‘पैशांची’ बेरीज करत बिंदूमागून बिंदू भरले जात.

माजघरातून दिसणारे स्वयंपाकघर

चौकोनी नकाशाला मर्यादा होत्या. तिरप्या भिंती नाहीत, पायऱ्या नाहीत. १९९३ च्या ‘डूम’ने ही मर्यादा ओलांडली. त्यासाठी नकाशातील भिंती दोन-दोन भागांत विभागत जाऊन त्यांची वृक्षासारखी मांडणी आधीच करून ठेवली जात असे. या मांडणीमुळे जवळची भिंत कोणती आणि दूरची कोणती ते लगेच कळे. पण वृक्ष आधी तयार केलेला असल्यामुळे खेळ चालू असताना भिंती बाजूला सरकू शकत नसत. दारे वर-खाली होत, एवढेच.

‘ब्लड’मधील यंत्रणा वेगळी होती. तिचे नाव बिल्ड. केन सिल्व्हरमन या तरुणाने विशी गाठण्याच्या सुमारास ती लिहिली. १९९६ च्या ‘ड्यूक न्यूकेम थ्री-डी’साठी ती प्रथम गाजली आणि मोनोलिथने ‘ब्लड’साठी तीच घेतली.

तिची कल्पना समजायला जुन्या वाड्यात जाऊ. तुम्ही ओटीवर उभे आहात. ओटीच्या भिंती तुम्हाला सरळ दिसतात. एका भिंतीत दार आहे. त्या दारातून माजघराचा काही भाग दिसतो, सगळे माजघर नाही. माजघरातल्या दारातून स्वयंपाकघराची आणखी चिंचोळी पट्टी दिसते. बाळंतिणीच्या खोलीचे दार या रेषेत येत नाही, म्हणून ती खोली दिसतच नाही. बिल्ड नेमके असेच करी. आधी ज्या खोलीत खेळाडू आहे ती काढायची. जेथे दार असेल तेथे पडद्याच्या तेवढ्याच पट्ट्यांपुरते पुढच्या खोलीत शिरायचे. त्या खोलीतही दार असेल तर आणखी पुढे. जे दिसत नाही त्याचा हिशेबच करायचा नाही. वाडा शंभर खोल्यांचा असला तरी काम पडते ते दिसणाऱ्या चार-पाच खोल्यांचे. शिवाय आधी केलेली मांडणी नसल्यामुळे खोली सरकली किंवा फिरली तरी बिघडत नसे. ‘ड्यूक न्यूकेम’मध्ये भुयारी रेल्वेचा डबा खरोखर धावतो तो यामुळेच.

नकाशा मात्र अजूनही कागदासारखा सपाट होता. प्रत्येक खोलीला जमिनीची आणि छताची उंची तेवढी जोडलेली असे. त्यामुळे एका खोलीवर दुसरी खोली सरळ रचता येत नसे. त्यासाठी दुसरीकडे काढलेली खोली गुपचूप जोडून द्यावी लागे. वर किंवा खाली पाहिले तर उभ्या भिंती खऱ्या जगातल्यासारख्या एकवटत नसत, चित्र फक्त वर-खाली सरके. शत्रूही बहुतेक कागदी बाहुल्यांसारखे सपाट, कोठूनही पाहिले तरी तुमच्याकडे तोंड करून वळणारे. आज ही जुनी चित्रे पाहिली की त्यातली लबाडी लगेच लक्षात येते. पण ती लबाडी कोठे करायची आणि कोठे करायची नाही हे ठरवण्यातच सगळी बुद्धी होती. आदर्श वायू, घर्षणरहित पृष्ठभाग, वस्तुमानरहित दोरी हे शब्द तुम्ही पुढे शिकाल. पदार्थविज्ञानही असेच नको ते सोडून देते आणि हवे ते नेमके पकडते.

कुलूप आणि किल्ली

१९९६ सालीच इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’ने खरी त्रिमिती आणली. पुढे चित्रे काढण्यासाठी वेगळी कार्डे आली आणि वरच्या युक्त्यांची गरज संपली. मोनोलिथचेही लक्ष इतर प्रश्नांकडे गेले. २००५ सालच्या त्यांच्या ‘फिअर’ या खेळात शत्रू स्वतः बेत आखत. समजा तुम्हाला चहा हवा आहे. त्यासाठी उकळलेले पाणी हवे, पाण्यासाठी पेटलेली शेगडी हवी, शेगडीसाठी काडेपेटी. प्रत्येक कृतीला काय आधी लागते आणि तिच्यामुळे काय घडते एवढेच लिहून ठेवले, तर हव्या त्या परिणामापासून मागे येत कृतींची साखळी यंत्राला स्वतः शोधता येते. या कल्पनेची मुळे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील १९७१ च्या कामात आहेत. त्या खेळासाठी ही पद्धत घडवणारे जेफ ऑर्किन यांनी २००६ साली खेळनिर्मात्यांच्या परिषदेत ती सविस्तर समजावून सांगितली. त्यानंतर अनेकांनी ती वापरली.

आता प्रश्न असा. संस्था बंद पडली की तिने मिळवलेल्या ज्ञानाचे काय होते?

‘डूम’ची मूळ आज्ञावली तिच्या निर्मात्यांनी २३ डिसेंबर १९९७ रोजी सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे तो खेळ आज हातातल्या गणकयंत्रावर, कॅमेऱ्यावर, छपाईयंत्राच्या छोट्या पडद्यावरही चालवून दाखवला गेला आहे. जगभरचे विद्यार्थी ती आज्ञावली वाचून शिकतात. सिल्व्हरमन यांनी बिल्डची आज्ञावली २००० साली खुली केली. ‘ब्लड’ची स्वतःची आज्ञावली मात्र अधिकृतपणे बाहेर आली नाही. तेव्हा त्याच्या चाहत्यांनी चालू खेळ उलगडत, तो आत काय करतो हे एकेक पायरी मागे जाऊन शोधले आणि २०१९ च्या सुमारास तो आजच्या यंत्रांवर चालता केला. घड्याळजीचा आराखडा नसताना घड्याळ उघडून ते पुन्हा बनवण्यासारखेच हे काम. किती तास गेले असतील याचा विचार करा.

तिसरा प्रकार आणखी वेगळा. मोनोलिथने २०१४ साली एका खेळात अशी पद्धत आणली की तुमच्या हातून निसटलेला शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतो, बढती मिळवतो आणि पुढे बदला घ्यायला परत येतो. तिचे अमेरिकेतील एकस्व, म्हणजे पेटंट, वॉर्नर ब्रदर्सला २०२१ साली मिळाले आणि त्याची मुदत २०३६ पर्यंत आहे. पेटंटच्या कायद्यात एक देवाणघेवाण असते. शोध कसा चालतो ते सगळ्यांना उघड करून सांगायचे आणि मोबदल्यात काही वर्षांचा मक्ता घ्यायचा. म्हणजे ही कल्पना वाचायला आजही मुभा आहे. पण ज्यांनी ती घडवली ती मंडळी पांगली, आणि कागद मात्र कपाटात जिवंत राहिला.

मक्ता असूच नये असे मी म्हणत नाही. मेहनतीचा मोबदला मिळायला हवा. इतकेच वाटते की कारखाने आज ना उद्या बंद होतातच, आणि तेथे जे कळले होते ते कोणी कोणाला सांगून ठेवले होते का, यावर पुढच्या पिढीचा वेळ अवलंबून असतो. आमच्या सरांनी कोसाइनचा तो त्रिकोण मला फळ्यावर दाखवला नसता तर माझी भिंत आणखी कितीतरी रविवार वाकडीच राहिली असती.

आमचा तो संगणक वर्गही केव्हाच बंद झाला. तेथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. सर गेले. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर तोच त्रिकोण काढतो आणि विचारतो, “भिंत फुगली का?” आता तुम्हीच ती काढून पाहा.

करून पाहा

आलेख कागदावर एक आडवी सरळ रेषा काढा. ही भिंत. तिच्यापासून १० सेंमी अंतरावर एक बिंदू घ्या. हा डोळा. कोनमापकाने लंबाच्या दोन्ही बाजूंना १०°, २०°, ३०° चे किरण काढून भिंतीपर्यंत त्यांच्या लांब्या मोजा. त्या साधारण १०.२, १०.६ आणि ११.५ सेंमी भरतील. मधला किरण १० सेंमीचा. आता प्रत्येक लांबीने १०० ला भागा आणि येणाऱ्या उंचीच्या सात उभ्या पट्ट्या, मध्य एकाच आडव्या रेषेवर ठेवून, शेजारी शेजारी काढा. पट्ट्यांची टोके जोडा. फुगलेली भिंत दिसेल. मग प्रत्येक लांबीला तिच्या कोनाच्या कोसाइनने गुणून पुन्हा पट्ट्या काढा.

स्वाध्याय

१. पाहणाऱ्याला ६०° ऐवजी ९०° इतका भाग दिसत असेल तर ३२० बिंदूंच्या पडद्यासाठी d किती येईल? ३२० एकक दूर असलेली ६४ एकक उंचीची भिंत तेव्हा किती बिंदू उंच दिसेल?

२. ६४० × ४८० बिंदूंची सेकंदाला ३० चित्रे काढायची आहेत. ३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका बिंदूमागे किती ठोके मिळतील? त्यात एक गुणाकार बसेल का?

३. आपल्या घराचा आराखडा काढा. कोठे उभे राहिले असता सर्वांत जास्त खोल्यांचा काही ना काही भाग दिसतो ते पट्टी ठेवून शोधा, आणि मग प्रत्यक्ष तेथे उभे राहून पडताळा घ्या.

४. (विचार करा) वरच्या प्रयोगात आपण किरणांमधील कोन समान ठेवले. पण किरणांनी भिंतीवर केलेल्या खुणांमधील अंतरे मोजा. ती समान आहेत का? नसतील तर, पडद्यावरील पट्ट्या समान रुंदीच्या ठेवायच्या असतील तेव्हा किरण कोणत्या कोनांनी सोडावे लागतील?